युरियाची गोणी आणि धानाची बांधी

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धानाची रोवणी आटोपली, कीं युरियाच्या गोणीची शोधाशोध सुरू होते. ४५ किलोंची ही गोणी शेतकऱ्यास सुमारें २६६ रुपयांस मिळते. परंतु हें तिचें खरें मोल नव्हे. हवेंतील नत्र नैसर्गिक वायूच्या साह्यानें बांधून युरिया बनतो, आणि त्या वायूचा बराचसा भाग कतारसारख्या देशांतून जहाजांनीं येतो. २०२२ सालीं युक्रेनांत युद्ध पेटतांच जगाच्या बाजारांत युरिया कडाडला; गोणीची किंमत मात्र हलली नाहीं. तो भार तुमच्या-आमच्या करांतून फेडला गेला.

अशी मोलाची वस्तु आम्ही टाकतों कोठें? तुडुंब बांधींत! मीं स्वतः अनेक वर्षें हेंच केलें, आणि तेंहि वर्गांत नत्राचा धडा शिकवून. सांचलेल्या पाण्यांत टाकलेल्या युरियांतील निम्म्याहून अधिक नत्र बहुधा पिकास लाभतच नाहीं. बरेंचसें अमोनिया होऊन हवेंत उडून जातें. पाणी उतरवून चिखलावर खत द्यावें, नि दोन दिवसांनीं बांधी पुन्हां भरावी, हा उपाय सोपा. पण बोडी आटत आलेली असतां भरली बांधी फोडण्यास हात धजत नाहीं, हेंहि मी जाणतों. तेव्हां तें पाणी नाल्यांत न सोडतां खालच्या बांधींत घ्यावें. तिची खताची पाळी मागाहून येईल.