अंतराळातला वाद्यवृंद

1978 साली ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ ही अमेरिकी मालिका आली, तेव्हा स्टू फिलिप्स यांचं संगीत लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकनं वाजवलं. पितळी वाद्यांच्या त्या गर्जनेनं स्टुडिओतल्या छोट्या प्रतिकृतीही अवाढव्य यानं भासू लागल्या. नव्या शतकातल्या ‘गॅलेक्टिका’नं हा थाट मुद्दाम टाळला. रिचर्ड गिब्ज यांच्या शीर्षकसंगीतात तर चक्क गायत्री मंत्र! पुढे बेअर मॅक्रेरी यांनी जपानी तायको ढोल घुमवले, आर्मेनियाचा दुदुक आणला. म्हणूनच पहिल्या पर्वाच्या अखेरच्या कथेत तंतुवाद्यांची ‘पासाकालिया’ सुरू होते, तेव्हा अंगावर काटा येतो. तळाशी तीच चाल पुन्हा पुन्हा, वर दर फेरीला नवं काहीतरी. युद्धकथेत इतका संयम विरळाच. आणि फिलिप्स यांची जुनी धून? नव्या मालिकेत ती कथेतल्या वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून वाजते.