पाहुण्या सरड्याचा फलाहार



फळ म्हणजे पथ्य, फळ म्हणजे निर्दोष अन्न, ही समजूत आपल्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, आजाऱ्याच्या समाचाराला निघतांना आपला हात सहजच फळांच्या पिशवीकडे जातो. याच समजुतीपायीं आमच्या शेजारच्या घरांतील एक मुका जीव कसा संकटांत सांपडला, तें आज मी आपणांस सांगणार आहें.

मी ठाण्याच्या उत्तरेस, खाडीकांठच्या कोलशेतांत राहतों. एका बाजूस कोळ्यांची जुनी वस्ती आणि दुसऱ्या बाजूस उंचच उंच इमारती, असें आमच्या गांवाचें आजचें रूप आहे. या इमारतींत गुरें नाहींत, अंगण नाहीं. तरी मुलांची प्राण्यांची हौस कांहीं सुटत नाहीं. आमच्या शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीसाठीं तिच्या वडिलांनीं एक बिअर्डेड ड्रॅगन आणला. नांव भयंकर असलें तरी हा प्राणी म्हणजे सुमारें दीड-दोन फूट लांबीचा, शांत स्वभावाचा सरडा. रागावला किंवा भ्याला कीं गळ्याखालचे कांटेरी खवले फुगवून काळे करतो. तीच त्याची दाढी. त्याचें मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील कोरडा, रखरखीत प्रदेश. आपल्या कुंपणावर मान डोलावीत बसणारा साधा सरडा त्याच्याच कुळांतला, म्हणून त्याला आपला दूरचा पाहुणा म्हणावयास हरकत नाहीं.

पाहुणा आला तो ऐन आंब्याच्या दिवसांत. मुलीनें आपल्या वाटणीच्या हापुसाच्या फोडी त्याला रोज भरविल्या. आंबा संपला तेव्हां वसईचीं केळीं आलीं. सरडा तें सर्व आवडीनें खाई आणि पाला व किडे यांकडे पाहीनासा झाला. श्रावणाच्या सुमारास त्याचे पुढचे पाय चालतांना थरथरूं लागले आणि जबडा बोटानें दाबला तर रबरासारखा लवूं लागला. पशुवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें. हाडें विरळ झालीं होतीं. घरीं परत आल्यावर ती मुलगी मजकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, मीं त्याला आमच्या घरांतलें सगळ्यांत चांगलें तेंच दिलें ना? मग तो आजारी कां पडला?”

त्या प्रश्नाचें उत्तर मीं तिला जसें दिलें तसेंच आपणांस देतों.

हाडांस कॅल्शियम लागतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आहारांत फॉस्फरस कॅल्शियमपेक्षां अधिक झाला तर रक्तांतील समतोल राखण्यासाठीं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढूं लागतें. अशा सरड्याच्या आहारांत कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट असावें लागतें. आतां केळें पाहा : शंभर ग्रॅम गरांत कॅल्शियम सुमारें पांच मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारें बावीस. हिशेब अगदीं उलटा! शिवाय खाल्लेलें कॅल्शियम अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व हवें, आणि तें त्याच्या कातडींत उन्हांतील विशिष्ट अतिनील किरणांनीं तयार होतें. खिडकीची कांच हे किरण बहुतेक अडवून धरते. म्हणून कांचेआड ऊन मिळालें तरी तें या कामीं निरुपयोगी. त्यासाठीं वेगळा दिवा लागतो, आणि अन्न पचावें म्हणून ऊब घेण्याच्या जागेवर सुमारें चाळीस अंश उष्णता लागते. आमच्या शेजाऱ्यांकडे शोभेचा दिवा होता. हा दिवा नव्हता.

दुसरें कारण दांतांचें. या कुळांतील सरड्यांचे बाजूचे दांत जबड्याच्या कडेवरच घट्ट बसलेले असतात आणि ते एकदां गेले कीं पुन्हां येत नाहींत. मऊ, गोड, चिकट गर त्यांच्या मुळाशीं सांचून राहतो. मग हिरड्या सुजतात आणि रोग जबड्याच्या हाडापर्यंत पोंचतो. रानांत त्याला किडे, पानें आणि फुलें मिळतात, फळ क्वचित्. बाजारांतील आजचें फळ तर माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवडून गोड केलेलें आहे.

मग फळ मुळींच देऊं नये काय? तसें नाहीं. वाढत्या पिलाला मुख्यतः किडे आणि प्रौढाला मुख्यतः पाला द्यावा. फळाचा वांटा सर्व आहारांत शेंकडा पांच ते दहाच्या वर जाऊं नये. आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, दोन-तीन तुकडे पुरेत. आणि तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा.

आपल्या मंडईंतून फेरी मारूं. पपई उत्तम, कारण तींत कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारें दुप्पट असतें; मात्र साल व बिया काढाव्या. ताजें अंजीर त्याहून सरस. पुरंदरचीं अंजिरें ज्यांना मिळतात त्यांनीं त्यांतला एक लहान तुकडा पाहुण्यास द्यावा. फड्या निवडुंगाचें बोंडही चांगलें, पण त्यावरील बारीक कुसें पूर्णपणें काढल्याशिवाय नव्हे. आंबा, सफरचंद, द्राक्ष हीं कधींमधीं. आंब्याची साल नको, सफरचंदाची बी नको, द्राक्ष बिनबियांचें आणि चिरलेलें असावें. कलिंगड बहुतांशीं पाणीच. जास्त झालें तर हगवण लागते. केळें सठीसामाशीं.

संत्रें, मोसंबें, लिंबू, अननस हीं आंबट फळें टाळावींत. त्यांतील आम्लानें तोंड व आंतडीं दुखावतात. सीताफळाच्या बियांची पूड पूर्वीं उवा मारण्यास वापरीत, यावरूनच त्या बिया कशा असतील तें ओळखावें. आणि अलीकडे आपल्या बाजारांत रुळलेलें अव्होकाडो, म्हणजे लोणीफळ, कधींही देऊं नये. त्यांतील पर्सिन नांवाचें द्रव्य अनेक प्राण्यांच्या हृदयास घातक ठरलें आहे.

पाल्याविषयींही एक शब्द. पालक आणि माठ यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतें, म्हणून ते रोज नकोत. शेवग्याचा कोंवळा पाला मात्र कॅल्शियमनें समृद्ध आहे, आणि जास्वंदीचें फूल त्याला फळाइतकेंच प्रिय. पावसाच्या तोंडाशीं सह्याद्रीच्या रानांत काजवे चमकूं लागतात. ते हौसेनें धरून या सरड्यापुढें कदापि टाकूं नयेत. अमेरिकेंत काजव्यांमुळें असे सरडे दगावल्याची नोंद १९९९ सालीं प्रसिद्ध झाली आहे.

फळ वाहत्या पाण्यांत धुवावें, ताजें चिरावें, आणि तासाभरांत उरलेलें काढून टाकावें. आपल्या दमट हवेंत तें लवकर आंबतें व चिलटें जमतात. सरड्याच्या अंगावर व विष्ठेंत साल्मोनेला हे जंतु असूं शकतात. म्हणून त्याची ताटली स्वयंपाकघरांत धुवूं नये, त्याला हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि पांच वर्षांखालील मुलांस त्यापासून दूर ठेवावें.

ज्यांनीं असा प्राणी अजून आणला नाहीं त्यांना एवढेंच सांगतों : तो दहा वर्षें किंवा त्याहून अधिक जगतो. आपल्या देशांतील घोरपड किंवा चांदणी कासव पाळणें तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हाच आहे. परदेशी प्राण्यांपैकीं कायद्याच्या चौथ्या अनुसूचींतील जातींची नोंदणी करावी लागते. तिचे नियम २०२४ सालीं निघाले. विकत घेण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी, पावती जपावी, आणि कंटाळा आला म्हणून त्याला येऊरच्या रानांत सोडून देऊं नये. तेथें तो तरी मरेल किंवा तेथील जीवांस आपले रोग देईल.

शेजारचा सरडा वांचला. योग्य दिवा, कॅल्शियमची पूड लावलेले किडे आणि पाला यांनीं तीन-चार महिन्यांत त्याचे पाय स्थिर झाले. जबडा मात्र किंचित् वांकडाच राहिला. ती मुलगी आतां दर रविवारीं पपईचे तीन तुकडे मोजून कापते. परवां सरड्यानें चौथ्यासाठीं मान वर केली, तेव्हां ती बशी झांकून म्हणाली, “आतां पुढच्या रविवारीं.” तिला तें जड गेलें, हें मला दिसलें. पण भरविण्यापेक्षां हात आवरणें हीच कधीं कधीं खरी माया असते, हें ती त्या वांकड्या जबड्याकडे पाहून शिकली आहे.