जगाच्या गोष्टी, चिकपेटेत आणि मराठीतून

आजचा प्रश्न असा, की परराष्ट्र व्यवहारावर तुमच्या-माझ्यासारख्यांनी एकत्र बसून बोलावं का? आणि बोलायचं तर कसं?

पुष्कळ जण म्हणतात, तो दिल्लीचा विषय, आपला काय संबंध? मी चिकपेटेत राहतो. इथल्या गल्ल्यांत रेशमी साड्यांचा व्यापार आहे. २०११ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं कच्च्या रेशमावरचं आयात शुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणलं. बाहेरून येणारं हे रेशीम मुख्यतः चीनचं. विणकराला सूत स्वस्त हवंच असतं. पण इथून पन्नासेक किलोमीटरवर रामनगरला कोषांचा मोठा बाजार भरतो. तिथं कोष विकणाऱ्या शेतकऱ्याला हाच निर्णय जड गेला. दोघंही आपलेच आणि दोघांचंही म्हणणं खरं. मग चीनशी व्यापार कसा असावा? या दोघांना शेजारी बसवून ऐकल्याशिवाय मला तरी मत बनवता येत नाही.

अशी बसायची जागा या शहराला नवी नाही. १९४५ मध्ये कन्नड साहित्यिक आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा, म्हणजे डीव्हीजी, यांनी इथं सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संस्था काढली. कुठल्याही पक्षाचा झेंडा हाती न धरता नागरिकाला शहाणं करायचं, हा हेतू. नाव काय दिलं? गोखले सार्वजनिक विचार संस्था! कोकणातल्या कोतळूकात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव एका कन्नड माणसानं बंगळूरात जपलं. १९७० मध्ये सत्कारात मिळालेली थैलीसुद्धा डीव्हीजींनी या संस्थेलाच देऊन टाकली.

गोखलेच का? मला वाटतं, दूरच्या देशातला प्रश्न आपल्या माणसांचा कसा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानं बांधून नेले जात. १९१० मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव आणला आणि पुढच्या वर्षी नाताळची भरती थांबली. १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच बंद करा, असा ठराव मांडला. तो पडला. पण विषय जिवंत राहिला आणि १९१७ मध्ये ही भरती थांबली. ते पाहायला गोखले नव्हते. १९१५ मध्येच ते गेले.

त्याच १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले होते. तिथं कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू होते. गांधीजींनी आग्रह धरला, की तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गांधीजींचं मराठी कितीसं, म्हणून गोखल्यांना हसू आलं. पण ते मराठीत बोलले, आणि पुढेही आपल्या लोकांपुढे मराठीतच बोलत राहिले. तेव्हा जगाचे प्रश्न मराठीत मांडता येत नाहीत, ही सबब शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एक रविवार, दोन तास, एकच विषय. आखाती देशांतली नोकरी, अमेरिकेचा व्हिसा, चीनचं रेशीम, काहीही चालेल. नियम तीन. एक, आकडा सांगायचा तर तो कुठून आणला तेही सांगायचं. दोन, समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं आणि तो “बरोबर” म्हणाला, की मगच खोडायचं. तीन, कुठल्याही पक्षाचा प्रचार नाही आणि शेवटी मतदानही नाही. व्हॉट्सॲपवर आपण रोज भांडतोच. इथं भांडण झालं तरी चहा एकत्र व्हायला हवा.

आणि कन्नड शेजाऱ्यालाही बोलवा. त्याला मराठी येत नसेल तर कोणीतरी शेजारी बसून सांगेल. गांधीजींनी ते काम केलं होतं, आपल्याला कमीपणा कसला?

तुमच्या गावात पहिला विषय कोणता घ्याल, ते जरूर कळवा.