राजूर : कोळशाचे आणि चुन्याचे गाव



यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यातल्या राजूरला निसर्गाने चुनखडी आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा दोन्ही दिले. भाजावयाचा दगड आणि त्याचे इंधन एकाच परिसरात! म्हणूनच येथे चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. सभोवार कपाशी-तुरीची काळी शेती. गावाचा दिवस मात्र पाळीच्या वेळेने उगवू लागला.

चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. पाणी लागताच तो उकळतो. डोळ्यांत गेला तर दृष्टीच जाण्याचे भय. आपली मंदिरे, धर्मशाळा आणि घरे ज्या शुभ्रतेने उजळतात, तिची धूळ मजुराच्या श्वासात जाते. त्याचे नाव मात्र कोनशिलेवर नसते. पावसाचे थेंब पडू लागले की त्याची पहिली धाव चुना झाकण्याकडे.