हात कापतो तो म्हातारपणानेच का?



घरातला एखादा वडीलधारा माणूस हळूहळू मंदावत जातो. सदऱ्याची गुंडी लावायला त्याला दहा मिनिटे लागतात. चालताना एक हात हलत नाही, पाय फरफटतो, चेहऱ्यावर हसू उमटत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." नाहीतर म्हणतात, "आबा आताशा हेकट झालेत." आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की हे दर वेळी वय नसते आणि हेका तर नसतोच. तो मेंदूचा आजार असू शकतो. आपण त्याला कंपवात म्हणतो. डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात.

जेम्स पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर. १८१७ साली त्याने या विकारावर एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात रोगी अवघे सहा, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्याने जाताना पाहिलेले! नीट पाहणारी नजर असली म्हणजे केवढे काम होते पाहा.

या आजारात होते काय? मेंदूच्या आत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. बैलगाडीची चाके धड आहेत, बैल धड आहेत, पण आसाला वंगण नाही. मग गाडी कुरकुरत, अडखळतच चालणार. तसेच इथे. हातपाय शाबूत असतात, पण हालचाल सुरळीत करणारे वंगण आटत जाते. रोग्यांच्या मेंदूत डोपामीन कमी असते, हे व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९६० साली दाखवून दिले. या पेशी एका दिवसात जात नाहीत. वर्षानुवर्षे झिजत जातात, आणि सुमारे निम्म्या गेल्यावर मग कुठे लक्षणे दिसू लागतात. म्हणून हा वाढत जाणारा आजार.

तो ओळखावा कसा? हात मांडीवर स्वस्थ असताना कापतो, अंगठा व बोटे गोळी वळल्यासारखी हलतात, आणि वस्तू उचलायला गेले की कंप बराचसा थांबतो. चहाचा पेला धरल्यावरच हात कापत असेल, तर बहुधा कारण निराळे असते. आजार एका बाजूने सुरू होतो. काहींना कंप मुळीच नसतो. नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. आवाज बारीक होतो, वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते. आणि गुरुजी, हे तुमच्या नजरेला पहिल्यांदा पडेल: अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते.

अशी चिन्हे दिसली तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. आजार समूळ बरा करणारे औषध अजून नाही. पण लेवोडोपा नावाचे औषध आहे, त्यापासून मेंदू डोपामीन बनवतो आणि माणूस पुष्कळ मोकळा होतो. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही हे द्रव्य असते. म्हणून कोणी बिया कुटून देऊ नका हं! कोणत्या बीत किती, हे सांगता येत नाही. गोळी ठरल्या वेळीच द्यावी. जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना विचारावे. आणि आपल्या मनाने ती एकाएकी कधीही बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते.

बाकीचे औषध घरातच आहे. रोज चालणे, हातापायांचा व्यायाम, मोठ्याने वाचणे. कधीकधी उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. तेव्हा ओढू नका. "एक, दोन" असा ठेका धरा, किंवा जमिनीवर खडूने आडव्या रेघा ओढा. रेघ ओलांडायची म्हटली की पाऊल उचलते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

हा आजार संसर्गाचा नाही. मागच्या जन्मीचे पापही नाही. शिक्षकांनी मुलांना एवढे जरूर सांगावे, म्हणजे ती आजोबांच्या हाताची नक्कल करणार नाहीत. चेहरा हसत नसला तरी आत माणूस हसत असतो, ऐकत असतो, आणि कधी मनातून खचलेलाही असतो. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्याची गुंडी लगेच तुम्ही लावू नका. थोडे थांबा. त्याला स्वतःची गुंडी स्वतः लावायला वेळ द्या.