गादीतली हवा आणि पिंजाऱ्याची छाती

तुमच्यातले निम्मे जण आत्ता गादीवर लोळत, कानात इअरफोन घालून हे ऐकत असणार. लोळत राहा, काही हरकत नाही. आजचा विषय तुमच्या पाठीखालीच आहे.

एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं, “दादा, परदेशात पिसांची जॅकेटं आणि पिसांच्या रजया हजारो रुपयांना विकल्या जातात. आपल्याकडे कोंबड्यांची एवढी पिसं फुकट जातात, मग आपण त्यांच्या गाद्या-रजया का बनवत नाही? कमी खर्चात, झटपट बनवता येतील का?” प्रश्न भारी आहे. उत्तर मात्र मी बोदवडमधून सुरू करणार. कारण पिसांचं जे गणित आहे, तेच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कापसावर सोडवलं गेलंय.

ज्यांना बोदवड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जळगाव जिल्ह्यातला तालुका, भुसावळहून नागपूरकडे जाताना मलकापूरच्या अलीकडे लागणारं स्टेशन. दिवाळीच्या आसपास इथे कापसाच्या गाड्यांची रांग बघावी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून जिनिंग-प्रेसिंग हा आमच्या भागाचा धंदा. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते. १०० किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग प्रेसमध्ये ती रुई दाबून दाबून १७० किलोची गाठ बांधतात. दाबायची कशासाठी? तर तिच्यातली हवा काढायला. गाडीत हवा भरून नेणं कुणालाच परवडत नाही.

आता गंमत बघा. त्याच गावात दुसरा एक माणूस नेमकं उलटं काम करतो. दबलेल्या कापसात तो हवा परत भरतो. तो म्हणजे पिंजारी. कुणी मन्सुरी म्हणतात, कुणी नद्दाफ. आपण “विषय पिंजून काढला” म्हणतो, “केस पिंजारलेत” म्हणतो, ते शब्द याच कामातून आलेत.

हवा भरतो म्हणजे किती, ते मोजून बघू. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ४ इंच जाड गादी घ्या. तिची जागा होते ६ घनफूट, म्हणजे सुमारे १७० लिटर. तिच्यात १० किलो रुई भरली असं धरू. कापसाच्या तंतूची घनता साधारण दीड, म्हणजे पाण्याच्या दीडपट. त्या हिशेबाने १० किलो तंतूंना खरी जागा लागते जेमतेम ७ लिटर. उरलेले १६३ लिटर काय आहे? हवा! आपण पैसे कापसाचे देतो आणि झोपतो हवेवर.

ऊबसुद्धा त्या हवेचीच. हवा उष्णता फार हळू वाहून नेते, अट एकच, ती जागची हलता कामा नये. तंतूंचं काम तेवढंच. हवेला बारीक बारीक खोल्यांत कोंडून ठेवायचं. पिसांचंही तेच. जॅकेटात भरतात ती लांब दांड्याची पिसं नव्हेत. बदक किंवा हंसाच्या छाती-पोटावर मोठ्या पिसांच्या खाली एक मऊ लव असते. तिला दांडा नसतो. मधल्या बिंदूतून चहूकडे बारीक तंतू फुटलेले असतात, म्हातारीच्या कापसासारखे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या गिर्यारोहकाने बलूनच्या कापडात अशी लव भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकरीच्या कपड्यांत होते. हा पठ्ठ्या त्या कोटात ८,३०० मीटरच्या आसपास पोहोचला.

लवेची प्रतही फुगण्यावरच ठरते. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव नळकांड्यात टाकायची, वर ठरलेल्या वजनाची चकती ठेवायची आणि ती किती घन इंच जागा व्यापते ते बघायचं. उत्तम लव ८०० घन इंच भरते, म्हणजे १३ लिटर! किलोचा हिशेब केला तर ४६० लिटर. आपल्या गादीत एका किलोला १७ लिटर होते.

मग कापूस हरला का? नाही. लव अंगावर घ्यायला उत्तम, पण अंगाखाली घातली की चपटी होते, हवा निघून जाते. म्हणून पिसांच्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपणाऱ्यालाही खाली वेगळी चटई लागतेच. कापूस वजन सोसतो. शिवाय घाम शोषतो. साध्या हवेतच कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टरचं फायबर अर्धा टक्कासुद्धा नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा फरक पाठीला बरोबर कळतो.

आणि कोंबडीची पिसं? आपल्या खानदेशात पोल्ट्रीचं मोठं केंद्र म्हणजे नवापूर. तिथे पिसांना तोटा नाही. पण कोंबडीला बदकासारखी दाट लव नसते. तिची बहुतेक पिसं दांड्याची, टोचणारी. शिवाय कच्चं पीस म्हणजे रक्त, चरबी आणि जंतू. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे विसरून चालणार नाही. धुणं, उष्णतेने निर्जंतुक करणं, वाळवणं आणि निवडणं या चारही पायऱ्या नीट झाल्याशिवाय पीस उशीत घालायचं नाही. हा घरगुती उद्योग नव्हे.

पण पिसांच्या कारखान्यातली एक युक्ती आपल्या कामाची आहे. तिथे निवड हातांनी होत नाही. उंच पेटीत पंख्याने पिसं उडवतात. हलकी लव वर तरंगत पुढच्या कप्प्यात जाते, जड पीस आणि कचरा खाली पडतो. हवाच निवड करते. आता जुन्या पिंजाऱ्याचं पिंजण आठवा. दोरीने टांगलेलं भलं मोठं धनुष्य, त्याला आतड्याची तात, आणि लाकडी ठोकळ्याने त्या तातेवर ठोका. थरथरणारी तात कापसाचे तंतू पकडते, सोडवते, हवेत उडवते. हलका तंतू लांब जाऊन पडतो, माती आणि सरकीचे तुकडे तिथेच खाली. तत्त्व तेच!

आज धनुष्य जवळपास गेलं. त्याच्या जागी खिळ्यांचा ड्रम असलेलं, मोटरवर चालणारं मशीन आलं. वेग कितीतरी वाढला. पण नुसता वेग वाढला म्हणजे काम चांगलं झालं असं नाही. कमी कापसात जास्त फुगवटा, आणि तो जास्त वर्षं टिकणं, हे खरं मोजमाप. त्यासाठी मला पटलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, ऊन. पिंजण्याआधी कापूस दिवसभर कडक उन्हात पसरा आणि काठीने झोडा. ओला कापूस गोळे धरतो. आणि झोडल्यावर निम्मी धूळ उघड्यावरच निघून जाते.

दोन, हात आखडता ठेवा. मशीनमध्ये मोठा गठ्ठा एकदम कोंबला की तंतू सुटण्याऐवजी तुटतात. तुटलेले तंतू पुन्हा फुगत नाहीत, त्यांची धूळ होते. थोडा थोडा कापूस घालून दोनदा काढलेला बरा. जुना कापूस फार आखूड झाला असेल तर थोडी नवी रुई मिसळा. गादीला सूतगिरणीची लांब धाग्याची महाग रुई लागत नाही, आखूड धाग्याची चालते.

तीन, खिळे-खडे. जुन्या गादीत सुई, टाचणी, खडा काहीही निघतं. ड्रमवर आपटून ठिणगी उडाली की कापूस पेटायला क्षण पुरतो. तोंडाशी लोहचुंबक लावा आणि जवळ पाण्याची बादली ठेवा.

चार, भरताना अंदाजपंचे नको. गादीच्या खोळीचे चौकोन कल्पून प्रत्येकाला कापूस तोलून द्या, मग टाके घाला. टाका नसेल तर हवेच्या खोल्या सरकतात आणि मध्ये खड्डा पडतो. पिसांच्या जॅकेटवर चौकोनी शिवण असते तीही याचसाठी.

आणि फुगवटा घरीच मोजता येतो. पारदर्शक डब्यात १०० ग्रॅम कापूस टाका, वर पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर एखादं हलकं वजन ठेवा, उंची मोजा. पिंजण्याआधी आणि पिंजल्यावर. लवेची प्रत ठरवायची तीच पद्धत, फक्त आपल्या डब्यात.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे पिंजाईचा भाव बहुतेक किलोवर ठरतो. गिऱ्हाईक १० किलोची जुनी गादी देतं. पिंजाऱ्याने काम मन लावून केलं तर धूळ, माती, तुटका तंतू बाहेर पडून कापूस भरेल साडेनऊ किलो, कधी त्याहून कमी. मग गिऱ्हाईक काय म्हणतं? “अर्धा किलो कापूस मारला की भो याने!” पिंजारी कापूस चोरतो, हा संशय जुना आहे. अनेकदा तो संशय म्हणजे निव्वळ धुळीचं वजन असतं. पण या संशयापायी होतं काय, की कारागिराला धूळ कापसातच राहू देणं सोयीचं पडतं. वजन बरोबर भरतं, भांडण होत नाही. ती धूळ गादीत जाते, गादी लवकर बसते, आपण शिंकतो. आणि मशीनच्या तोंडाशी उभा असलेला माणूस तीच धूळ दिवसभर छातीत घेतो.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सूतगिरण्यांत त्याची खूण ठरलेली. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आठवडा सरता सरता बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि वर्षांमागून वर्षं गेली की दम कायमचा लागतो. विडी-सिगारेट असेल तर आणखी वाईट. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात हा आजार नोंद करण्याच्या यादीत होता. पण तो कायदा ठरावीक संख्येने कामगार असलेल्या कारखान्याला लागायचा. बाप-लेक चालवतात त्या पत्र्याच्या दुकानाला नाही. तिथे खोकला “या धंद्यात असायचाच” म्हणून सोडून दिला जातो.

उपाय चंद्रावरून आणायचे नाहीत. ड्रमला पत्र्याचं झाकण. तोंडाजवळून धूळ ओढणारा पंखा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जाड कापडाची पिशवी. छताचा पंखा बंद, कारण तो धूळ काढत नाही, खोलीभर फिरवतो. झाडूऐवजी ओलं फडकं. आणि रुमालाऐवजी एन-९५ मास्क, कारण रुमालातून बारीक धूळ सरळ आत जाते. अंगावरची धूळ घरात न्यायची नाही, कपडे दुकानातच बदलायचे.

आता त्या पिशवीचा दुसरा उपयोग बघा. दिवसाअखेर नव्हे, प्रत्येक गादीनंतर ती उघडायची आणि गिऱ्हाइकासमोर तोलायची. साडेनऊ किलो कापूस इकडे, पाव-अर्धा किलो धूळ तिकडे. संशय संपला! आणि भाव किलोवर न ठरवता गादीच्या फुगवट्यावर ठरवायचा. धूळ काढणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले पाहिजेत, आज त्याला उलट बोलणी बसतात. गाद्या भरणाऱ्यांच्या घरातली जी पोरं हे ऐकतायत, त्यांना माझं सांगणं आहे की मोबाइलवर व्हिडिओ काढा. आधीची उंची, नंतरची उंची, पिशवीतली धूळ. फोमच्या जाहिरातीसमोर याहून चांगली जाहिरात तुमच्याकडे नाही.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? फोमची गादी बसली की फेकावी लागते. कापसाची बसली की पुन्हा पिंजता येते, तोच कापूस, तीच खोळ धुऊन. पण पिंजणारा माणूस टिकला तरच. तेव्हा या दिवाळीच्या आधी घरातली जुनी गादी बाहेर काढा, उन्हात टाका, झोडा आणि मगच पिंजायला न्या. तिथे भाव करायच्या आधी दोन गोष्टी विचारा, “दादा, धूळ ओढायला काय लावलंय? आणि मास्क कुठाय?” नसेल तर लावायला सांगा, आणि वीस-पन्नास रुपये जास्त द्यायची तयारी ठेवा. गादीत आपण जी हवा विकत घेतो, ती कुणाच्या तरी श्वासातून वजा होऊ नये, एवढंच.

तुमच्या गावात पिंजाईचं काम अजून कोण करतं, कसं करतं, ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आता झोपा निवांत!