वास्तुविद्येचें शिक्षण आणि समाजाचें ऋण



वास्तुविद्येच्या उच्च शिक्षणासंबंधीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी वास्तुविशारद नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु वैद्याची चूक एका रोग्यास भोंवते, तर घर बांधणाऱ्याची चूक त्यांत राहणाऱ्या दोन-तीन पिढ्यांस भोगावी लागते. तेव्हां ह्या विषयांत सामान्य नागरिकानें लक्ष घालणें अनुचित ठरूं नये.

आपल्याकडे ह्या शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत झाला. १८९६ सालीं तेथें नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला. त्याचाच पुढें वृक्ष झाला. आज पदवीचा अभ्यासक्रम पांच वर्षांचा असून १९७२ च्या कायद्यानें वास्तुविशारदांची नोंदणीही होते. नकाशा रेखीव काढणें हा ह्या विद्येचा श्रीगणेशा होय. परंतु तो कोणासाठीं आणि कोणत्या भूमीवर, हें शिकविल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आठवा. लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरीं भूकंप झाला आणि सुमारें ८,००० माणसें दगावलीं. तेथील घरें अविचारानें बांधलेलीं नव्हतीं. जाड दगडी भिंती आणि वर मातीचें माळवद, यामुळें मराठवाड्याचा उन्हाळा सुसह्य होई. परंतु भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांस जोडणारे लांब दगड बहुधा घातलेले नव्हते, आणि माथ्यावर मातीचा भार मोठा होता. धक्क्यासरशीं भिंती फांकल्या आणि माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. थर बांधून घेण्याची विद्या ग्रंथांत होती. ती गवंड्याच्या थापीपर्यंत पोंचली नव्हती.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. भिंती पक्क्या झाल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं सरळ, रुंद रस्त्यांची शहरी आखणी आली आणि जुन्या गल्ल्यांतला शेजार विरळ झाला. घर टिकाऊ असावें, तसेंच तें तेथील माणसांच्या वहिवाटीचेंही असावें, हा दुसरा धडा.

हा धडा गिरविणाराही आपल्यांतच होऊन गेला. १९२७ सालीं पुण्यांत जन्मलेले बाळकृष्ण दोशी ह्याच मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी. १९६२ सालीं त्यांनीं अहमदाबादेस वास्तुविद्येची शाळा स्थापिली. इंदूरजवळ अरण्य वसाहतींत गरीब कुटुंबांना त्यांनीं जोतें, पाणी, शौचकूप, फार तर एखादी खोली एवढेंच दिलें. ८० घरें नमुन्यादाखल बांधून दाखविलीं. पुढची वाढ ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें करावयाची. राहणारा हाच सहकारी, असें मानल्यानें हें साधलें. २०१८ सालीं प्रित्झ्कर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

आतां सृष्टीचें ऋण. सिमेंट करतांना चुनखडी भाजावी लागते. भट्टीच्या धुराखेरीज त्या दगडांतूनही कर्बवायु सुटतो. मनुष्याच्या उद्योगांमुळें हवेंत जाणाऱ्या कर्बवायूपैकीं सुमारें ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटपायीं जातो. अशा वेळीं उष्ण देशांत कांचेच्या भिंती उभारावयाच्या आणि आंतला उकाडा घालविण्यास अष्टौप्रहर यंत्रें चालवावयाचीं, हें शहाणपण कोणतें? ओसरी, झरोका, अंगण यांचा अभ्यास केवळ इतिहासाच्या तासाला होऊं नये. तो गणिताच्या तासालाही व्हावा.

म्हणून शिक्षणसंस्थांना माझी नम्र सूचना आहे. पदवीपूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें एक पावसाळा खेड्यांत किंवा गरीब वस्तींत काढावा, गवंड्याच्या हाताखालीं एक भिंत रचावी, आणि बांधलेलें घर वर्षानें पुन्हां पाहून गृहिणीस विचारावें, "बाई, पाणी कोठें गळतें? वारा कोठून येतो?" तिच्या उत्तरालाही परीक्षेंत गुण असावेत.

पैसे देणारा धनी एक असतो. घराची सांवली मात्र अनेकांवर पडते. ती सुखाची पडावी, एवढें ज्याला कळलें त्याची पदवी सार्थ झाली.